आरती कोणाची आणि सत्ता कोणाची?

मराठीत 'प्रयोग' या शब्दाला तीन अर्थ आहेत. नाटकाचा प्रत्येक खेळ हा प्रयोग. परिणाम ठाऊक नसताना करून पाहिलेली गोष्ट हाही प्रयोग. आणि भिक्षुकाच्या पोथीत विवाहाचा, शांतीचा किंवा अंत्येष्टीचा जो विधी क्रमवार सांगितलेला असतो त्यालाही प्रयोग असेच म्हणतात. कला, चिकित्सा आणि कर्मकांड अशी एरवी एकमेकांपासून दूर समजली जाणारी तीन क्षेत्रे आपल्या भाषेने एका शब्दात बांधून ठेवली आहेत. श्रद्धा, विधी आणि धर्मसत्ता यांची चिकित्सा करणाऱ्या संगीताचा विचार करताना या तिन्ही अर्थांकडे लक्ष द्यावे लागते. आमच्याकडील चर्चा मात्र पुण्या-मुंबईच्या रंगमंचावरून सुरू होते आणि तेथेच संपते. नंदुरबार जिल्ह्यातील खांडबाऱ्यासारख्या गावाकडून पाहिले, तर हा सारा प्रश्न निराळा दिसू लागतो. तो तसा पाहण्याची आज निकड आहे, कारण आदिवासींच्या गाण्यावर आणि देवावर मालकी सांगणारे हात वाढत चालले आहेत.

प्रथम रंगमंचाकडे वळू. १६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्याच्या भरत नाट्य मंदिरात प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनने विजय तेंडुलकरांच्या 'घाशीराम कोतवाल'चा पहिला प्रयोग केला. दिग्दर्शन जब्बार पटेलांचे, संगीत भास्कर चंदावरकरांचे आणि नृत्यरचना कृष्णदेव मुळगुंद यांची होती. या नाटकाची खरी धार त्याच्या संगीतात आहे. रांगेत उभे राहून डोलणारे बारा ब्राह्मण हा त्या नाटकाचा पडदा. ते नामघोष करतात, कीर्तनाला साथ देतात, लावणीत रमतात आणि सत्तेने केलेल्या गुन्ह्याला आपल्या पाठी लावून आडोसाही देतात. एकाच तालावर भक्ती चालते, विलास चालतो आणि छळही चालतो. कीर्तनाचा सूर लावणीत केव्हा विरघळला हे प्रेक्षकाला कळेपर्यंत तो स्वतः टाळ्यांचा ठेका धरून बसलेला असतो. धर्माचरणाच्या गजरात अन्यायाचा आवाज कसा बुडवला जातो, हे शेकडो लेखांनी सांगितले नसते इतक्या स्पष्टपणे चंदावरकरांच्या संगीताने सांगितले.

त्याचे मोलही द्यावे लागले. नाना फडणविसांची आणि ब्राह्मण समाजाची बदनामी झाल्याची ओरड झाली आणि एकोणीस प्रयोगांनंतर संस्थेने नाटक थांबवले. त्यातून बाहेर पडलेल्या कलावंतांनी १९७३ मध्ये थिएटर अकॅडमी स्थापन केली व १९७४ च्या जानेवारीत नाटक पुन्हा उभे केले. १९८० मध्ये ते युरोपच्या दौऱ्यावर निघाले तेव्हा विरोधाने पुन्हा डोके वर काढले. वादाचा विषय इतिहासाचा असल्याचे भासवले गेले. परंतु मनाला लागलेला घाव इतिहासाचा नव्हता. जो सूर देवघरातला म्हणून निर्दोष मानला होता, तोच सूर कोतवालीच्या दारात ऐकू आला, ही खरी बोच होती.

ही बोच केवळ महाराष्ट्रालाच लागते असे नाही. २०१२ च्या फेब्रुवारीत मॉस्कोच्या मुख्य कॅथीड्रलमध्ये 'पुसी रायट' या गटाच्या स्त्रियांनी राज्यकर्त्याच्या विरोधात प्रार्थनेच्या रूपातले एक बंडखोर गाणे म्हटले. ते गाणे मिनिटभरही चालू दिले गेले नाही. त्यांपैकी तिघींना त्याच वर्षी दोन-दोन वर्षांच्या शिक्षा सुनावण्यात आल्या, पुढे एकीची शिक्षा स्थगित झाली. राज्यकर्त्याला धर्मपीठाचा आशीर्वाद चालतो, पण त्याच पीठासमोर त्याच्याविरुद्ध केलेली प्रार्थना चालत नाही, एवढेच त्या खटल्याने सिद्ध झाले. आपल्या देशात १९२७ मध्ये इंग्रज सरकारने धार्मिक भावना दुखावण्याचा जो गुन्हा दंडसंहितेत घातला, तो १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही कलम २९९ म्हणून कायम आहे. राज्यकर्ते बदलले, संहितेचे नाव बदलले, पण भावनांचे रखवालदार बदलले नाहीत.

तरीही नागर रंगभूमीच्या या धाडसाला एक मर्यादा होती आणि ती मान्य केली पाहिजे. तेथे श्रद्धाळूंची भूमिका करणारे नट होते आणि समोर तिकीट काढून आलेला सुशिक्षित प्रेक्षक होता. धर्मसत्तेने ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या दाराबाहेर उभे केले ते ना रंगमंचावर होते ना प्रेक्षागृहात. महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये सत्यशोधक समाज स्थापला, आणि पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी त्या विचाराचे जलसे गावोगाव फिरू लागले. त्यांनी तमाशाचा गण, गौळण आणि वग हा साचा जसाच्या तसा ठेवून त्यातला आशय बदलला. त्या जलशांत गाणारा आणि ऐकणारा एकाच शिवारातला होता. आंबेडकरी जलशांनी तोच वारसा अधिक धारदार केला. २०१२ मध्ये अतुल पेठे यांनी गो. पु. देशपांडे यांचे 'सत्यशोधक' हे नाटक पुणे महानगरपालिकेच्या सफाई कामगारांना घेऊन उभे केले, तेव्हा हा धागा पुन्हा जुळला. झाडू हाती घेणाऱ्या माणसाने फुल्यांचा विचार स्वतःच्या गळ्यातून मांडणे आणि एखाद्या कसलेल्या नटाने तो मांडणे, यांत सुराचा फरक थोडा असेल, परंतु सत्तेचा फरक फार मोठा आहे.

हाच फरक मनात ठेवून आता तापीच्या खोऱ्यात यावे. सुरत-भुसावळ लोहमार्गावरील खांडबारा हे नवापूर तालुक्यातले गाव. जिल्ह्याच्या लोकसंख्येत २०११ च्या जनगणनेनुसार अनुसूचित जमातींचे प्रमाण ६९ टक्क्यांहून अधिक आहे, आणि नवापूर तालुका तर जवळजवळ संपूर्णपणे मावची, कोकणी आणि भिल्ल यांचा. या मुलखात गाणे ही करमणुकीची गोष्ट कधीच नव्हती. पेरणी, लग्न, मरण, आजार आणि भांडणाचा निवाडा या प्रत्येकाला येथे स्वतःचे गाणे आहे. मात्र गाण्याने आणि विधीने थेट सत्तेलाच हात घातल्याचे प्रसंगही येथे घडले आहेत आणि मराठी संगीताच्या कोणत्याही इतिहासात त्यांची नोंद नाही.

पहिला प्रसंग १९२२-२३ चा. पालघरच्या किनाऱ्यावरील कोळीवाड्यांतून निघालेले देवीचे वारे नाशिक, डांग, पश्चिम खानदेश आणि दक्षिण गुजरात असे पसरत गेले. मांडवात लोक जमत, कोणाच्या तरी अंगात येई, मान घुमू लागे आणि त्या मुखातून देवी आज्ञा देई. आज्ञा होत्या त्या अशा : दारू आणि ताडी सोडा, मांस सोडा, रोज अंघोळ करा, दारूच्या दुकानदाराकडे आणि त्याच्या शेतावर कामाला जाऊ नका. पुढे त्यांत चरख्याचा आणि गांधींच्या नावाचाही समावेश झाला. इतिहासकार डेव्हिड हार्डिमन यांनी या आंदोलनावर १९८७ साली ग्रंथ लिहिला, तोपर्यंत ते एक अडाणी खूळ म्हणूनच कागदपत्रांत पडून होते. अबकारी महसुलावर जगणारे सरकार आणि कर्जात बुडवून मजुरी लुटणारा मद्यविक्रेता यांच्याविरुद्ध आदिवासींना स्वतःच्या तोंडाने बोलण्याची मुभा नव्हती. देवीच्या तोंडून बोलण्याची मुभा त्यांनी स्वतःच घेतली.

दुसरा प्रसंग याहून मोठा. तापीपलीकडे तळोदे भागातल्या मोरवड येथे गुला महाराज नावाचा एक गरीब भिल्ल होता. १९३७-३८ मध्ये त्याने दर सोमवारी आरती सुरू केली. पाहता पाहता त्या आरतीला पायी चालत येणाऱ्यांचे लोंढे लोटू लागले. मोठे देऊळ नाही, पुरोहित नाही, दक्षिणा नाही. सर्वांनी एकत्र उभे राहून म्हणायची आरती, आणि त्यानंतर उपदेश : दारू सोडा, स्वच्छ राहा, आपसांत भांडू नका, लबाडी करू नका. अनुयायी एकमेकांना 'आप की जय' म्हणून भेटू लागले आणि पंथाला आप हेच नाव पडले. ज्या माणसाला कचेरीत, बाजारात आणि जमीनदाराच्या खळ्यावर जन्मभर 'अरे-तुरे' ऐकावे लागले, त्याने दुसऱ्या तशाच माणसाला 'आप' म्हणणे, ही गोष्ट क्षुल्लक नव्हे. व्याकरणातल्या एका सर्वनामाने एवढी उलथापालथ केल्याचे दुसरे उदाहरण आमच्या पाहण्यात नाही.

आता यात प्रयोग कोणता, असे कोणी विचारील. आरती हे तर सवर्ण हिंदूंच्या पूजेतले अंग, भिल्लांच्या जुन्या विधींत तिला स्थान नव्हते. गुला महाराजांनी एक परका प्रकार उचलला, त्यातला पुरोहित वगळला, गाभारा वगळला आणि समूह तेवढा ठेवला. गाणे ज्याचे त्याच्याच तोंडी आले की मध्यस्थाची गरज उरत नाही, आणि मध्यस्थावाचून जमणारा समूह ही कोणत्याही सत्तेला न रुचणारी वस्तू आहे. दारूच्या गुत्त्यांचा धंदा बसू लागला, मजूर ताठ मानेने बोलू लागले, आणि तेव्हा सावकार, मद्यविक्रेते व मोठे जमीनदार यांना या आरतीत धोका दिसू लागला. १९३८ मध्येच गुला महाराजांचे निधन झाले. बंधू रामदास महाराज यांनी परंपरा पुढे चालवली, आणि हद्दपारी त्यांच्याही वाट्याला आली. राजद्रोहाचे एकही वाक्य न उच्चारणाऱ्या आरतीची सरकारला धास्ती वाटावी, यातच तिच्या सामर्थ्याची पावती आहे.

या परंपरेचा पुढचा दुवा आमच्या चळवळीच्या स्मरणात अद्याप ताजा आहे. शहादे तालुक्यातील अंबरसिंग सुरतवंती यांना लोक अंबरसिंग महाराज म्हणत, ते त्यांच्या भजनांमुळे. भजनी मंडळ घेऊन गावोगाव फिरणाऱ्या या तरुणाने पाहिले की जमिनी हिरावलेल्या माणसाला नुसती दारूबंदी पुरत नाही. २ मे १९७१ च्या पाटीलवाडीच्या गोळीबारात अन्न मागायला गेलेल्या आदिवासींपैकी एकाचा बळी गेला. त्यानंतर भूमुक्तीचे मेळावे भरले, श्रमिक संघटना उभी राहिली आणि आदिवासी स्त्रियांनी गावोगावच्या दारूच्या भट्ट्या फोडल्या. भजन म्हणायला जमलेली माणसे मजुरीच्या दरासाठी आणि हिरावलेल्या शेतासाठी जमू लागली. १९७४ मध्ये अंबरसिंग गेले. परंतु भजनाच्या टाळापासून संघटनेच्या घोषणेपर्यंतचा हा प्रवास महाराष्ट्रात अन्यत्र इतक्या स्पष्टपणे क्वचितच दिसतो.

धर्माला अफू म्हणून हातावेगळे करणारे आमचे काही मित्र येथे आक्षेप घेतील. ते म्हणतील, देवीचे वारे काय किंवा आरती काय, दोन्हींत शेवटी माणसाला सवर्ण आचारांचेच धडे दिले गेले. मांस सोडा, दारू सोडा म्हणजे तुमची जुनी संस्कृती टाकून द्या, असेच ना? आक्षेपात तथ्य आहे. आप पंथाने आणि त्यासारख्या भक्तीपंथांनी आदिवासींच्या कित्येक जुन्या गाण्यांना आणि देवांना अडगळीत टाकले, आणि काही मिशनऱ्यांनीही जुन्या वाद्यांकडे सैतानी म्हणून बोट दाखवले. परंतु कोणाचा आचार स्वीकारला, एवढ्यावरून निवाडा करता येत नाही. तो आचार स्वीकारून माणूस कोणासमोर उभा राहिला, हे पाहावे लागते. मोरवडचा भिल्ल अंघोळ करून ब्राह्मणाच्या पाया पडायला गेला नाही. तो गुत्तेदाराला नाही म्हणायला शिकला. सूर उसना असला तरी नकार त्याचा स्वतःचा होता.

जे जुने विधी अजून टिकून आहेत त्यांत डोंगऱ्या देवाचा उत्सव मुख्य होय. नवापूर, साक्री, बागलाण आणि डांग या सलग पट्ट्यात मार्गशीर्षात तो होतो. व्रत घेतलेले पुरुष घर सोडून खळीवर राहतात, गावोगाव नाचत फिरतात आणि पौर्णिमेच्या रात्री डोंगरावरच्या गडाशी पोहोचतात. भोपळा, बांबूच्या दोन नळ्या आणि पुढे शिंगासारखे तोंड असलेली पावरी रात्रभर वाजते. कथेकरी काशाच्या थाळीवर मेणाने काडी उभी चिकटवतो आणि बोटांनी ती खालवर ओढत राहतो. त्या अखंड घुमणाऱ्या नादावर तो धान्याच्या देवीची, डोंगराची आणि पूर्वजांची कथा गातो. परदेशातल्या प्रयोगशील संगीतकारांनी वस्तूंच्या घर्षणातून नाद काढण्याचे जे नवे शास्त्र उभारले, त्याचा एक अस्सल नमुना येथे एका थाळीत आणि मेणाच्या गोळ्यात आहे. याच संगीताच्या आधारे 'वारा' अंगात येतो, आणि ज्याच्या अंगात येतो तो त्या रात्रीपुरता गावातील मानाचा माणूस ठरतो, मग तो भूमिहीन का असेना.

या संगीतावर आज तीन बाजूंनी आक्रमण चालले आहे आणि त्याविषयी स्पष्ट बोलण्याची वेळ आली आहे.

पहिले आक्रमण सन्मानाच्या वेषात येते. सरकारी महोत्सव, पाहुण्यांचे स्वागत, प्रजासत्ताक दिनाची मिरवणूक, पक्षांच्या सभा, या सर्वांना आदिवासी नृत्य हवे असते. रात्रभराचा विधी पाच मिनिटांत उरकायला सांगितले जाते. भाड्याने आणलेले पोशाख चढवले जातात. पौर्णिमेच्या रात्री, व्रतस्थ माणसाच्या अंगात यावयाचा वारा मंत्रिमहोदयांच्या मोटारी आल्या की यावा, अशी अपेक्षा असते. मानधन मध्यस्थाच्या हातून झिरपत पथकापर्यंत पोहोचते, आणि वाजवणाऱ्याचे नाव पत्रिकेत नसते. 'आदिवासी पथक' एवढाच उल्लेख असतो. पंडित-उस्तादांची नावे ठळक टाईपात छापणारे शासन पावरी वाजवणाऱ्याला नावही नाकारते. घाशीरामाचा ब्राह्मण पडदा निदान आपण पडदा आहोत हे जाणून होता. येथे जिवंत माणसांना अजाणता पडदा केले जात आहे, आणि त्यामागे विस्थापन, कुपोषण व वनहक्कांचे पडून राहिलेले दावे झाकले जात आहेत.

दुसरे आक्रमण अधिक घातक आहे. धर्मांतर केलेल्या आदिवासींना अनुसूचित जमातींच्या यादीतून वगळावे, या मागणीसाठी गेली काही वर्षे मोहीम चालू आहे, आणि २००६ मध्ये स्थापन झालेला जनजाती सुरक्षा मंच तिच्या अग्रभागी आहे. मागणी नवी नाही. कार्तिक उरांव यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस ती संसदेत मांडली होती. संसदेने तिला कायद्याचे रूप दिले नाही. यामागचे कारण घटनेतच आहे. अनुसूचित जातींच्या १९५० च्या आदेशात धर्माची अट आहे. त्याच वर्षीच्या अनुसूचित जमातींच्या आदेशात ती नाही. घटना आदिवासीला त्याच्या देवावरून ओळखत नाही; जमात, तिचे जगणे, तिचे वेगळेपण आणि तिचे मागे ठेवले जाणे यांवरून ओळखते.

नवापूर तालुक्यात या मागणीचा अर्थ काय होतो, याचा विचार करावा. येथे एकाच कुळात थोरला भाऊ डोंगऱ्या देवाचे व्रत करतो, मधला आप पंथाची आरती म्हणतो आणि धाकटा रविवारी मावची बोलीत येशूची भजने गातो, असे घर विरळा नाही. तिघांची शेतजमीन एका सातबाऱ्यावर आहे, तिघांना एकाच सावकाराचे देणे आहे, तिघांची मुले ऊसतोडीला किंवा गुजरातेत मजुरीला जातात. या तिघांतून एकाला दाखल्यावरून वगळायचे, म्हणजे त्याच्या मुलीची शिष्यवृत्ती जाईल, आदिवासी म्हणून जमिनीला मिळणारे संरक्षण जाईल, आणि उरलेल्या दोघांना आपण किती शुद्ध आहोत हे दरसाल सिद्ध करीत बसावे लागेल. आज ख्रिस्ती भावाची तपासणी होईल; उद्या आरती न म्हणणाऱ्या, मांस खाणाऱ्या, दगडाला शेंदूर न लावणाऱ्या थोरल्याचीही होईल. ज्यांनी या माणसाला कधी आपल्या पंगतीला बसवले नाही ते आता त्याच्या गाण्यातला देव तपासू लागले आहेत, हा ढोंगीपणा ओळखला पाहिजे. त्यांना चिंता पावरीची नाही. पावरी वाजवणाऱ्यांची एकजूट फुटण्याशी त्यांना कर्तव्य आहे.

तिसरे संकट आतून येते आणि त्याविषयी मौन पाळणे हा अप्रामाणिकपणा होईल. ज्या विधीच्या बळावर भूमिहीन माणूस एक रात्र मानाचा ठरतो, त्याच विधीच्या बळावर भगत एखाद्या विधवेला डाकीण ठरवतो. तिला मारहाण होते, गाव सोडावे लागते, प्रसंगी जीव जातो, आणि बहुधा तिच्या नावावर असलेला जमिनीचा तुकडा हे त्यामागचे खरे कारण असते. देवीच्या मुखातून दारूवाल्याला नकार देणारी परंपरा आणि देवाच्या नावाने स्त्रीला दगड मारणारी परंपरा एकाच ढोलाच्या आवाजात नांदतात. 'साधना'चे संपादक डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली, त्यानंतरच राज्याला जादूटोणाविरोधी अध्यादेश काढण्याची बुद्धी झाली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस कायदा झाला. कायदा आवश्यकच होता. परंतु पाड्यावर पोलीस पोहोचण्यापूर्वी भगत पोहोचतो, आणि भगताला उत्तर द्यायचे तर ते पाड्याच्या भाषेत, पाड्याच्या सुरातच द्यावे लागेल. दाभोलकरांच्या पश्चात अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी रिंगणनाट्ये करून चौकाचौकांत हे उत्तर देण्याचा प्रयत्न केला. मावची, कोकणी आणि भिलोरी बोलींत असे काम करणारे तरुण त्या त्या गावांतूनच पुढे आले पाहिजेत. शहरातून आलेल्या पथकाने येऊन आदिवासींना विवेक शिकवावा, ही कल्पना आम्हाला मान्य नाही. १९३८ मध्ये त्यांना विवेक शिकवायला कोणी शहरातून गेले नव्हते.

या तिन्ही बाबतींत आमची भूमिका एकच आहे आणि ती घाशीरामापासून मोरवडपर्यंतच्या या इतिहासातून आलेली आहे. विधी आणि गाणे यांचे सामर्थ्य स्वतः चांगले नसते आणि वाईटही नसते. गाण्याची सूत्रे कोणाच्या हाती आहेत, यावर सर्व अवलंबून असते. ती पुरोहित, भगत, मंत्री किंवा एखादी संघटना यांच्या हाती गेली की गाणे हुकूम होते. ती गाणाऱ्या समूहाच्या हाती राहिली की तेच गाणे न्याय मागू लागते. म्हणून गाण्यातला देव कोणता हे विचारणाऱ्यांना आमचा विरोध आहे, आणि गाण्याच्या नावाखाली माणसाला चिरडणाऱ्यांनाही तितकाच विरोध आहे.

त्यातून काही साध्या मागण्या निघतात. आदिवासी संगीताचा कोणताही सरकारी कार्यक्रम करताना पथकातील प्रत्येकाचे नाव प्रसिद्ध व्हावे आणि मानधन त्याच्या हाती थेट पडावे. जे विधी ठरावीक तिथीचे आणि व्रताचे आहेत ते मंचावर आणण्याची सक्ती कोणत्याही अधिकाऱ्याने करू नये. गावाने नाही म्हटले तर त्या नकाराचा मान राखावा. थाळीवरच्या कथा आणि पावरीच्या चाली यांचे ध्वनिमुद्रण गावाच्या संमतीने व्हावे व त्याची प्रत गावच्या शाळेत राहावी. जमातीच्या दाखल्याशी धर्माची सांगड घालणाऱ्या कोणत्याही विधेयकाला राज्यातील सर्व पुरोगामी पक्षांनी, मतांचा हिशेब बाजूला ठेवून, विरोध करावा. आणि डाकीण ठरवलेल्या स्त्रीच्या बाजूने प्रथम उभे राहण्याची जबाबदारी त्या गावातील आमच्या कार्यकर्त्यांनी दुसऱ्या कोणावर ढकलू नये.

पुण्या-मुंबईच्या कलावंत मित्रांनाही एक विनंती आहे. कीर्तन आणि आरती यांचे मुखवटे उतरवण्याचे जे काम त्यांनी अर्धशतक केले, ते मोलाचे आहे. पुढचे काम मुखवटे उतरवण्याचे नाही. येत्या मार्गशीर्षात त्यांनी कॅमेरे आणि अनुदानाचे अर्ज घरी ठेवून खांडबाऱ्याची गाडी पकडावी, खळीच्या कडेला बसून ऐकावे, आणि परतताना पावरी वाजवणाऱ्याच्या वनहक्काचा दावा कोणत्या कार्यालयात अडकला आहे तेवढे विचारून यावे. त्या कार्यालयाच्या दारात त्याच्यासोबत उभे राहून जे गाणे म्हटले जाईल, त्याला प्रयोग हा शब्द तिन्ही अर्थांनी शोभेल.